गडचिरोलीत सिरोंच्याकडे 'द्विभाषिक शिक्षिका' पाहिजे म्हणे. मी नागपूरची, तेलुगू शून्य. जावं का?

मानेवाड्याची_मॅडम
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, आधीच सॉरी म्हणते. मी नागपूरची, डीएड मराठी माध्यमातून, नंतर बीए इंग्लिश लिटरेचर घेऊन. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिचा पहिली ते पाचवीचा पेपर एक पास आहे. टेट म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यतावाली परीक्षा, २०२५ ची, ती पण दिली, पण शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत आपलं नाव काही लागलं नाही. सध्या घराजवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये चौथीला शिकवून राहिली, साडेनऊ हजार, आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचे पैसे नाहीत.

मागच्या आठवड्यात डीएडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली, 'प्राथमिक विभागासाठी द्विभाषिक शिक्षिका पाहिजे, मराठी व इंग्रजी, राहण्याची सोय, सिरोंचा तालुका, स्थानिकांना प्राधान्य'. म्हटलं मराठी येते, इंग्रजी येते, आणखी काय पाहिजे. फोन लावला तर तिकडून पहिलाच प्रश्न 'तेलुगू वच्चा?' मला वाटलं रेंज नाही म्हणून मी आपली हॅलो हॅलो करत बसली. मग ते सर हसले आणि मराठीत म्हणाले, तेलुगू येते का बाई? नाही म्हटलं तर म्हणे, मग कसं जमल, बघू, आणि ठेवला फोन.

आता माझं म्हणणं असं की जाहिरातीत तर मराठी-इंग्रजी लिहिलं होतं मग तेलुगू मध्येच कुठून आली, आणि बाहेरच्या माणसाला तिकडं खरंच घेतात की 'स्थानिकांना प्राधान्य' म्हणजे दार बंदच समजायचं, आणि अशा नोकऱ्या शोधायच्या कुठं कारण हे सगळं आपल्याला ग्रुपवरच्या फॉरवर्डमधूनच कळते. घरी आईसमोर गडचिरोली शब्द काढला तर ती कुकरची शिट्टी मोठी करते. कोणी त्या बाजूला शिकवलं असेल तर खरं खरं सांगा.

तर्रीपोहा_बर्डी
ताई, काहून जिवावर उदार होऊन राहिल्या बाप्पा. साडेनऊ इथं भेटूनच राहिले ना, तिथं चौदा भेटतील आणि चार गाडीभाड्यात जातील, हिशोब तोच. वरून पावसाळ्यात रस्ता बंद.

अन् खाजगी संस्था असंल तर दुसरंच लफडं राहाते. आधी गोड बोलतात, मग म्हणतात पद मान्य होणार आहे, तेवढं काहीतरी बघा. माह्या मावसभावानं असंच बघितलं, दोन एकर वावर विकून. सहा वर्ष झाले, मान्यता अजूनही 'प्रक्रियेत' आहे अन् तो पोरगा आता रिंगरोडवर मोबाईलचे कव्हर विकते. २०२५ मधलं आपल्या नागपूरचं बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी पगाराच्या आयडीचं, प्रकरण पेपरात वाचलं असंलच, ज्यांनी पैसे भरले त्यांचीच झोप उडाली शेवटी. जाहिरातीत 'राहण्याची सोय' दिसली की समजून जा, वसतिगृहाची वॉर्डनगिरी पण तुमच्याच गळ्यात.

मानेवाड्याची_मॅडम
भाऊ, पैसे द्यायचा प्रश्नच नाही, आहेत कुठं. वॉर्डनचं मात्र डोक्यात आलं नव्हतं, विचारून घेईन.

रिटायर_हेडसर
मी २०१६ ला निवृत्त झालो, आता हुडकेश्वरला असतो. त्याआधीची बावीस वर्षं अहेरी आणि सिरोंचा या दोन तालुक्यांत काढली, जिल्हा परिषदेत. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

बेटा, आधी नकाशा उघडा. सिरोंचा प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळ आहे, दोन्ही नद्यांच्या पलीकडे तेलंगणा, आणि पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. इंग्रजांच्या काळात काही वर्षं ते अपर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, मग चांद्याचा तालुका झाला, १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा तिकडं गेला. नागपूरहून एसटीनं गडचिरोली, आलापल्ली करत गेलात तर अख्खा दिवस जातो. तिथले लोक काय करतात, रेल्वेनं मंचेरियालला उतरतात आणि चेन्नूरमार्गे प्राणहितेच्या पुलावरून घरी येतात. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जायला मधे तेलंगणाची बस. आता सांगा तिथल्या बाजारात कोणती भाषा चालत असेल.

तुमच्या जाहिरातीतलं द्विभाषिक हे संस्थेच्या कागदावरचं आहे, मराठी माध्यम आणि सेमी इंग्रजी, म्हणजे गणित इंग्रजीतून. वर्गातलं द्विभाषिक वेगळं. तिथं दुसरी भाषा म्हणजे पोरांच्या घरची, आणि ती जाहिरातीत कोणी लिहीत नाही कारण तिची परीक्षा नाही, तिचं प्रमाणपत्र नाही, तिचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. त्या सरांनी फोनवर जे विचारलं तीच खरी जाहिरात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी दुसरीचा वर्ग होता. मी विचारायचो, 'काल कोण आलं नव्हतं?' सगळी पोरं खाली पाहायची. मला वाटायचं घाबरतात. एक पोरगा तर दरवेळी पाय पुढं करायचा, अंगठ्याला चिंधी बांधलेली. मी म्हणायचो पाय काय दाखवतोस, उत्तर दे. तो आणखी पुढं करायचा. सहामाहीला पंधरा जणांच्या प्रगतिपत्रकावर 'आकलन कमी' असा शेरा मारून मी मोकळा झालो. दिवाळीनंतर एक दिवस माझी घरमालकीण, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, ती गुडघा चोळत बसली होती आणि म्हणाली कालु दुखतो. तेलुगूत कालु म्हणजे पाय. त्या पोराला पाच महिने वाटत होतं की सर आपल्या जखमेची चौकशी करतात आणि मग रागावतात का हे त्याला कळत नव्हतं.

दुसरं म्हणजे पाल. अंकलिपीत पालीचं चित्र, आणि पोरं हसायची, कारण तिकडं पालु म्हणजे दूध. पोरांना वाटे मास्तर पालीला दूध म्हणतो, वेडा असेल.

मग मी शंभर पानी वही केली. तेलुगू लिपीच्या वाटेला गेलो नाही, सगळं देवनागरीत. रा म्हणजे ये, कूर्चो म्हणजे बस, चेप्पु म्हणजे सांग, नीळ्ळु म्हणजे पाणी, अर्थमय्यिंदा म्हणजे समजलं का. हा शेवटचा तर अर्धा आपलाच शब्द आहे, अर्थ. रोज पाच शब्द अव्वाकडून, रविवारी बाजारातून दहा. तीनेकशे शब्दांवर पहिली-दुसरी निघते, माझी निघाली. पोरांना मराठी शिकवायचीच आहे, ते तुमचं काम, पण पहिला पूल तुमच्या बाजूनं बांधावा लागतो, पोरगं सहा वर्षांचं असतं, ते कुठून बांधणार.

आता नोकरी शोधायचं. फोनवर नाही मिळत हो अशा ठिकाणी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, संस्थांना मेच्या अखेरीपासून कळायला लागते की कोण सोडून गेलं. तेव्हा प्रत्यक्ष जा, फाईल घेऊन. आधी केंद्रप्रमुखाला, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा, त्याला प्रत्येक शाळेचं पोटातलं माहीत असते. शाळेचा युडायस नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक विचारा, संचमान्यतेत, म्हणजे सरकारनं मंजूर केलेल्या शिक्षकपदांत, हे पद आहे का विचारा, अनुदानित असेल तर तुमची वैयक्तिक मान्यता, म्हणजे नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी, त्यासाठी कागद कोण आणि कधी पाठवणार ते विचारा. या तीन प्रश्नांवर जो माणूस चहा मागवतो तो बरा, जो चिडतो तिथून उठा.

तर्रीपोहा_बर्डी
सर, पाय पुढं करणारा पोरगा वाचून हसू पण आलं अन् कसंतरी पण झालं. पण तुम्ही झेडपीत होते, पगार पक्का होता. खाजगीवाल्याचं तसं नाही ना.

रिटायर_हेडसर
बरोबर आहे तुमचं. मी पक्क्या पगारावर बसून उपदेश करतो आहे, ते मान्य.

पर्लकोटा_पार
मी मूळची वर्ध्याची, भामरागड तालुक्यात एका अनुदानित आश्रमशाळेत चौथं वर्ष. हेडसरांनी लिहिलं ते माडियाला, म्हणजे इथल्या माडिया गोंडांच्या भाषेला पण लागू, फक्त तुझ्याकडं तेलुगूसाठी यूट्यूब आहे, माडियासाठी मला स्वयंपाकघरातल्या ताई आणि सहावीच्या पोरी हेच काय ते. एर म्हणजे पाणी हा माझा पहिला शब्द, कारण पोरी रात्री दार वाजवून एर एर म्हणत होत्या आणि मी आपली 'ये ना आत' करून राहिली होती.

बाहेरची म्हणून घेतात का हे तू विचारलंस. सरळ सांगते. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या, सरकारी शिक्षकांच्या जागा राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवल्या, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, चालू आहेत, पण तू तो रस्ता धरूच नको. आधी मला याचा राग होता, डीएड मी पण केलं ना. आता नाही. माझ्या वर्गातल्या एका पोरीची मोठी बहीण डीएड करून आली आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या पैशांवर, शिकवायला लागली, पहिल्या दिवशी तिनं पोरांना जे हसवलं ते मला चार वर्षांत जमलं नाही.

मग आपल्यासारख्यांना उरते काय तर अनुदानित आश्रमशाळा, आदिवासी विकास विभागाच्या योजनेतल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळा, मुलींची कस्तुरबा गांधी विद्यालयं, आणि केंद्राच्या एकलव्य निवासी शाळा. एकलव्यची परीक्षा देशभराची एकच असते, पगार चांगला, पण पोस्टिंग कुठंही, आपली एक मैत्रीण लागली ती पार दुसऱ्या राज्यात आणि तिकडं तीच बाहेरची झाली. विभागाची प्रकल्प कार्यालयं गडचिरोली, अहेरी, भामरागड अशी तीन आहेत, सिरोंच्यासाठी अहेरीला जाऊन नोटीस बोर्ड स्वतः वाच. शासकीय आश्रमशाळेत तासिकेवर जायचं असेल तर भरवसा कमी, २०२५ मध्ये ती पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत, भरायचं काढलं आणि त्यावरून नाशिकला रोजंदारी शिक्षकांचं बिऱ्हाड आंदोलन झालं ते आठवत असेल.

आणि बाई म्हणून जे कोणी सांगत नाही ते. नक्षलची भीती आईला असते, आपल्याला तिथं गेल्यावर भीती असते मलेरियाची आणि बाथरूमच्या कडीची. मच्छरदाणी घरून ने, तिथली फाटकी असते. खोलीला आतून कडी आहे का ते जॉईन व्हायच्या आधी बघ, लाजू नको. पावसाळ्यात आमच्या इथं पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, औषध, पीठ, पॅड, रिचार्ज सगळं जुलैच्या आत भरून ठेवायचं.

लोक वाईट वागत नाहीत, पण सगळे एकच प्रश्न विचारतात, मॅडम किती दिवस राहाल? मला आधी टोमणा वाटायचा. मग कळलं की माझ्याआधीच्या तिघी दिवाळीच्या सुट्टीत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. दिवाळीनंतर मी परत आले त्या दिवशी पोरी गेटवर उभ्या होत्या, बॅग हातातून घेतली. त्याआधी कोणी बॅग घेतली नव्हती.

सेमी_इंग्लिश_ग्रस्त
विषयाला धरूनच विचारतो. माझं बीएड आहे, डीएड नाही. पहिली ते पाचवीला चालते का अशा ठिकाणी, ॲडजस्ट करून घेतात म्हणतात.

पर्लकोटा_पार
नाही चालत दादा. ११ ऑगस्ट २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पहिली ते पाचवीला बीएड पात्रता धरत नाहीत. सहावी ते आठवीला टीईटी पेपर दोन काढ. ॲडजस्ट करून घेणारे असतात, पण मग नंतर ॲडजस्ट तुलाच व्हावं लागते. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं तर नोकरीत असलेल्या जुन्यांना पण टीईटी लावली, फक्त निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी उरलेत त्यांना सूट. त्यामुळे टीईटीवाल्यांना आता संस्था स्वतःहून विचारून राहिल्या. मॅडम, तुझ्याकडं पेपर एक आहे ही छोटी गोष्ट नाही, फोनवर ते आधी सांगत जा.

जिवतीकर
नागपूरला शिकायला आहे, घर चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात. सीमेवरच्या शाळा म्हणत असाल तर आमच्याकडं या बघायला. ती १४ गावं, महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात, रेशनकार्ड दोन, मतदान कार्ड दोन, आणि कित्येक गावांत शाळा पण दोन. एक मराठीची एक तेलुगूची. माझ्या मोठ्या भावाला बाबांनी मराठीत टाकलं आणि मला पण मराठीतच, पण चुलतभाऊ तेलुगूत गेला, आता आम्ही एकमेकांना व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवतो कारण त्याला माझं लिहिलेलं वाचता येत नाही आणि मला त्याचं. बोलतो मात्र मराठीच, आमचे आजे मराठवाड्यातून आलेले.

आणि गंमत अशी की दोन शाळा असूनही काही पोरांची भाषा दोन्हीत नाही. गोंडी आहे, कोलामी आहे, तांड्यावर बंजारा. तिसरीत आमच्या बाजूला बसायची ती कोलाम पोरगी, सर मराठीत विचारायचे, ती मान हलवायची, तेलुगूवाल्या शाळेत गेली असती तरी मानच हलवली असती. म्हणून द्विभाषिक वगैरे ऐकलं की मला पहिले प्रश्न पडतो, कोणत्या दोन.

आदिलाबादचा_मास्तर
मी पलीकडचा हाय, आदिलाबाद जिल्ह्यातून लिहितो, मराठीच हाय घरात. तुमी लोक नेहमी एकाच बाजूनं बगता म्हणून लिहायलो. आमच्याकडं सरकारी मराठी माध्यमाच्या शाळा हायत, निजामाच्या वेळेपासून हा मुलूख मिसळ, तुमचा राजुरा पण तवा आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ नंतर तिकडं गेला. डीएससीत, म्हणजे तेलंगणाच्या शिक्षक भरतीत, मराठी माध्यमाच्या एसजीटीच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या जागा वेगळ्या निघतात, इकडच्या टीईटीत भाषा एक म्हणून मराठी घेता येते. २०२४ च्या डीएससीत एकूण ११,०६२ पदं होती, त्यात मराठीची अगदी मूठभर.

पण मॅडम, तुमाला त्याचा फायदा कमी. राष्ट्रपतींच्या २०१८ च्या आदेशानं ९५ टक्के जागा लोकल, आणि लोकल कोण ते शाळा कुठं शिकला त्यावर ठरते, आधार कार्डावर न्हाई. तुमी मानेवाड्यात शिकल्या, संपलं. राहिले पाच टक्के, त्यात सगळे.

खाजगी इंग्लिश मीडियमवाले मात्र बाहेरचे घेतात. तिथं तेलुगू विषय सक्तीचा, २०१८ चा कायदा हाय, तुमच्याकडं मराठीचा २०२० ला आला तसाच. म्हणजे इकडच्या शाळेत मराठीवालीला काम न्हाई आणि तिकडच्या शाळेत तेलुगूवालीला, आणि नदी मधे एवढीशी. तुमी सिरोंच्यालाच बगा. आणि एक, 'वच्चा' विचारलं की 'कोंचम कोंचम' म्हणायचं, म्हणजे थोडं थोडं. न्हाई कधी म्हणू नये. एवढं बोलल्यावर समोरचा हसतो आणि मराठीवर येतो.

मानेवाड्याची_मॅडम
कोंचम कोंचम पाठ केलं. सगळ्यांचे मनापासून आभार. मी तुमचं सगळ्यांचं ऐकून त्या सरांना परत फोन केला, आधी टीईटी सांगितलं, मग कोंचम कोंचम सांगितलं, ते म्हणाले शनिवारी या, डेमो घेऊ, उन्हाळी वर्ग चालू आहेत वसतिगृहातल्या पोरांचे. आई येते म्हणून राहिली सोबत, म्हणजे घरच्या भांडणाचा शेवट असा झाला. डेमोला काय घेऊ? माझ्याकडं इंग्रजी कवितांचे छान फ्लॅशकार्ड आहेत.

रिटायर_हेडसर
फ्लॅशकार्ड ठेवा पिशवीत. पाठ असा घ्या की पोरांना तुमच्यापेक्षा जास्त येईल. म्हणजे वस्तू दाखवा, त्यांना तेलुगूत नाव विचारा, तुम्ही चुकीचं म्हणा, त्यांना दुरुस्त करू द्या, मग मराठीत सांगा, मग इंग्रजीत. वही आईंच्या हातात द्या, त्या लिहून घेतील, त्यांचाही वेळ जाईल.

तर्रीपोहा_बर्डी
अन् मॅडम त्या तीन प्रश्नांचं विसरू नका, युडायस, संचमान्यता, मान्यता. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

पर्लकोटा_पार
रेकॉर्डिंग नको रे बाबा, छोटी जागा असते, कळलं की संपलं. लेखी माग फक्त. आणि कडी बघ.

मानेवाड्याची_मॅडम
जाऊन आले. रविवारी रात्री परतले, आज शाळेतून आल्यावर लिहून राहिली.

मंचेरियालमार्गेच गेलो, पुलावर आई खिडकीतून पाहत होती, म्हणे एवढं पाणी आणि उन्हाळा आहे म्हणतात. गावात पाट्या दोन्ही लिपीत, चहावाला आईशी तेलुगूत बोलला, आई त्याच्याशी नागपुरी, आणि दोघांचं बरोबर जमलं, साखर कमीच आली.

डेमो तिसरीचा, एकवीस पोरं. मी मुद्दाम सुरुवातच केली, 'काल काय जेवलात?' आणि खरंच सर, खरंच, सात-आठ जणांनी खाली पाहिलं. मग मी माझा पाय पुढं केला आणि बोटानं दाखवून म्हटलं कालु. एक सेकंद शांत आणि मग असा हशा झाला की बाजूच्या वर्गातले मास्तर दारात आले. मग पाय म्हटलं, मग लेग म्हटलं. मग कालच्यासाठी काय शब्द म्हणून विचारलं तर चार पोरं एकदम उठली सांगायला, निन्ना, निन्ना. एका पोरीनं फळ्यावर येऊन देवनागरीत 'निन्ना' लिहून दिलं मला, न ला न जोडताना तिनं तीनदा पुसलं. वीस मिनिटांचा तास पन्नास मिनिटं चालला, फ्लॅशकार्ड पिशवीतच राहिले.

आता बाकीचं. चौदा हजार म्हणाले, खोली फुकट, जेवण मेसमध्ये. वॉर्डनचं काम आठवड्यातून तीन रात्री, तर्रीपोहा भाऊ तुमचं बरोबर निघालं. कडी आहे, नवीन आहे, आईनं चारदा लावून उघडून पाहिली. युडायस नंबर लगेच दिला. संचमान्यतेचं विचारल्यावर चहा मागवला, पण उत्तर चहाच्या आधी आलं नाही आणि चहानंतर पण पूर्ण आलं नाही. म्हणजे पद आहे, पण विनाअनुदानित तुकडीवर, अनुदान आलं की बघू. ऑर्डर अकरा महिन्यांची देतो म्हणाले, लेखी. पैशाचा शब्द कोणी काढला नाही.

तर्रीपोहा_बर्डी
विनाअनुदानित म्हणजे 'अनुदान आलं की' हे वाक्य तुम्हाला रिटायर होईपर्यंत ऐकायला भेटल. मी आपलं सांगून ठेवतो.

पर्लकोटा_पार
खरं आहे त्याचं. पण साडेनऊवर कॉन्व्हेंटमध्ये तरी कुठं अनुदान येऊन राहिलं. अकरा महिन्यांचा हिशोब कर, त्यात तेलुगू बोलायला शिक, केंद्राची टीईटी, सीटीईटी, ती पण देऊन टाक, पुढच्या टेटची तयारी रात्री कर, तिथं रात्री दुसरं काही नसतेच. पवित्रमधून लागलीस तर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं १६ हजार आणि मग पुढं नियमित वेतनश्रेणी, ते चित्र डोळ्यापुढं ठेव. आणि दिवाळीनंतर परत जायचं नसेल तर जूनमध्ये जाऊच नको, हे मात्र मी हात जोडून सांगते.

मानेवाड्याची_मॅडम
हे शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. निघताना त्या निन्नावाल्या पोरीनं विचारलंच, तेलुगूत, मला कळलं नाही, तिथल्या सरांनी सांगितलं, ती विचारते मळ्ळी वस्तावा, परत येशील का. मी कोंचम कोंचम म्हटलं. सगळे हसले पण ती नाही हसली.

आदिलाबादचा_मास्तर
मॅडम, तिथं कोंचम न्हाई चालत. 'वस्तानु' म्हणायचं. येते.

रिटायर_हेडसर
शंभर पानी वही माझ्याकडं अजून आहे, कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत, पण शब्द वाचता येतात. हुडकेश्वर रोडला येणं झालं तर घेऊन जा, सकाळी दहाच्या आत या, नंतर ऊन होते.

मानेवाड्याची_मॅडम
उद्या येते सर. आईला पण आणते, तिची लिहिलेली वही पण आहे, तिनं तिसऱ्याच पानावर 'साखर कमी' तेलुगूत काय म्हणायचं ते लिहून घेतलंय.